आरशातली गाडी

गाड्या धुण्याचं ते सेंटर मुलाच्या नावावर होतं, पण हुकूम चालायचा आईचा. गिऱ्हाइकं तिला मालकीणबाई म्हणायची, आणि ते ऐकून तिची मान एक बोटभर उंच व्हायची.

आरशांची हौस मुलाची. धुण्याच्या शेडमध्ये दोन्ही भिंतींवर पुरुषभर उंचीचे आरसे.

"आई, गिऱ्हाइकाला ओल्यात उतरायला नको. बसल्या जागी गाडीच्या दोन्ही बाजू दिसतील."

"दिसू देत. भिंतीकडची बाजू अर्धीमुर्धी धुतोस ते तरी उजेडात येईल."

काचवाल्याने फळीवर बसवलेले आरसे आणले आणि ड्रिल काढलं, तशी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंतीवरच्या त्या फरशा तिच्या नवऱ्याने आपल्या हाताने, एकेक करून बसवल्या होत्या. तो गेला, फरशी एक हलली नव्हती.

"भोक पाडायचं नाही."

"बाई, भिंत दिवसभर ओली असते. नुसत्या चिकटवायच्या गमचा भरवसा नाही."

"तुझा नसेल. चिकटव."

त्याने चिकटवले. आठवडाभर कौतुक झालं. लोक गाडी कमी बघत आणि भांग जास्त पाडत. एकाने तर दातात अडकलेलं काढून घेतलं.

मग एका सकाळी तिला आवाज आला. टिक.

ती डाव्या आरशाजवळ गेली. पाणी पिऊन फळी फुगली होती. पुढच्या कडेला, फळी आणि फरशीच्या मध्ये, तिचं नख गेलं. दुसऱ्या दिवशी बोट गेलं. तरी तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर काचवाला शहाणा ठरला असता, आणि नवऱ्याच्या भिंतीत ड्रिल घुसलं असतं. आज दुपारी मुलाला सांगू, असं ती रोज ठरवी, आणि दुपार निघून जाई.

काळजी सगळी सुनेची. तिला सातवा महिना, आणि त्याच आरशाखाली लाकडी स्टुलावर बसून ती चाकं घासायची.

"गल्ल्यावर जाऊन बस."

"आणि चाकं कोण करणार? तुम्ही करता तेव्हा काळं तसंच राहतं, आत्याबाई."

"जीभ बघा हिची! मी सांगते म्हणून ऊठ."

"कारण तरी सांगा."

"थंडी बाधेल," ती म्हणाली. सून हसली आणि ब्रश चालवत राहिली.

त्या दिवशी गणिताचे निवृत्त मास्तर गाडी घेऊन आले. इंजिन बंद, काचा वर, आत ताठ बसलेले. मुलगा समोरून फेस उतरवत होता, सून नेहमीच्या स्टुलावर चाक घासत होती. मालकीणबाई मागे उभी होती. तिची नजर डाव्या आरशाच्या त्या कडेवर. टिक. टिक.

आणि आरशातली गाडी हळूच पुढे सरकली.

मास्तरांनी ते पाहिलं. "अरे, गाडी चालली! ब्रेक!" म्हणत त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. मुलाने पाइप टाकला आणि बॉनेटला खांदा लावला. सून दचकून उठली, पोट सावरत गाडीपासून मागे हटली आणि पाठ लावून उभी राहिली. भिंतीला. नेमकी आरशाला.

चाक तसूभरही फिरलं नव्हतं. हे एका मालकीणबाईलाच कळलं, कारण ती गाडी बघतच नव्हती.

"गाडीकडे ये!" ती ओरडली. "गाडीला चिकट! खाली बस!"

सुनेने तिच्याकडे पाहिलं, म्हातारीला वेड लागलं असं. चालत्या गाडीला कोण चिकटतं?

"गाडी उभी आहे गं! आरसा सुटलाय! भोक नको असं मीच म्हणाले होते, मी! ये, बाळा!"

लग्न होऊन तीन वर्षं झाली, "बाळा" पहिल्यांदाच. तेवढ्याने की कशाने, सून पुढे झेपावली आणि चाकाला धरून खाली बसली. वरून काळोख आल्यासारखी फळी आली, गाडीच्या टपावर आपटली आणि तिथेच तिरकी अडकली. सून आत्ता जिथे उभी होती तिथे काचेचा हातभर तुकडा खळ्ळकन उतरला.

मग नुसतं पाणी टपकत राहिलं.

"आहेस का गं?" मालकीणबाईचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"आहे." फळीखालून आलं. "पण पाय हलत नाहीत माझे."

मुलगा पुढच्या बाजूने आडवा होऊन आत सरपटला आणि तिला काखेत धरून बाहेर घेऊन आला. कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. मालकीणबाईने तिच्या पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसेपर्यंत तो काढला नाही.

मास्तर अजून ब्रेकवर पाय रोवून, डोळे मिटून बसले होते. तिने काच वाजवली.

"सोडा पाय, मास्तर. गाडी हललीच नव्हती."

ते मान हलवत राहिले. नाही, नाही.

मुलगा काहीतरी बोलणार होता. तिने हात वर केला. समोरच्या भिंतीवर दुसरा आरसा होता, तोच गम, तशीच फळी. त्यात ते तिघं उभे दिसत होते, सून मध्ये.

टिक.

"मास्तरांना पडलेल्या फळीकडच्या दारातून काढ," ती कुजबुजली. "सावकाश. आणि काचवाल्याला बोलाव. म्हणावं, ड्रिल घेऊन ये."

सुनेचा हात धरून ती शेडच्या तोंडाकडे मागे मागे सरकू लागली, आरशावरची नजर न हलवता.