वेलांटी

बिजलीबाईनं गवताचा ठोंब दोन्ही हातांनी धरून ओढला, तेव्हा तो मातीसकट निघाला आणि मातीसोबत कोळशाचा एक खडाही वर आला. खडा खाली पडला नाही. तिनं ठोंब झटकला, मग बांधावरच्या दगडावर आपटला, तरी पडला नाही. शेवटी तिनं तो डोळ्यांजवळ धरला. गवताची केसाहून बारीक, पांढरीशुभ्र मुळं त्या काळ्या खड्यात एका बाजूनं शिरली होती आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती.

तिनं खुरपं खाली ठेवलं. साठीला आलेली ही बाई जन्मभर निंदण करत आली होती, पण गवत उपटताना गवताकडं बघण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. उपटायचं आणि मागं टाकायचं, एवढंच.

“बबिता!” तिनं हाक मारली. “इकडं ये. काम राहू दे.”

दोन ओळी पलीकडं निंदणारी तिची सून दचकली. गेल्या वर्षभरात सासूनं तिला वावरात अशी हाक मारली नव्हती. घरात मारायची, भाकरीसाठी, पाण्यासाठी. वावराच्या गोष्टीत नाही.

“हे मुळं पाह्य,” बिजलीबाई म्हणाली. “कोयशात घुसले.”

बबितानं खडा अंगठ्यानं दाबला. तो मऊ आवाज करत फुटला. आतही मुळंच होती. कोळशाला जिथं जिथं बारीक भोक होतं, तिथं तिथं एकेक पांढरा धागा जाऊन बसला होता. जिवंत झाडाला मेलेल्या लाकडात असं घर मांडताना दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. बिजलीबाई बंजाऱ्यांच्या गोरबोलीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. तांड्याची ही बाई फार घाबरली किंवा फार हरखली, की वऱ्हाडी विसरायची.

मग ती उभी राहिली आणि आजूबाजूला पाहू लागली. साऱ्या वावरात कपाशी गुडघ्याएवढी होती. फक्त इथं, बकऱ्यांच्या गोठ्यामागच्या कडेला, सहा ओळी तिच्या कमरेला लागत होत्या. पानं तळहाताएवढी, आणि हिरवा रंग इतका गडद की ढगाळ उजेडात काळसर दिसावा.

“हा तोच कोयसा नं? वरच्या वावरात टाकला होता तो?”

“तोच, याडी. उरलेला.” सासूला ती गोरबोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची.

“मंग वर काहून पिवयं पडलं, अन् इथं काहून असं?”

 या प्रश्नाचं उत्तर बबिताकडं असतं, तर तिचं गेलं वर्ष असं गेलंच नसतं.

मागल्या उन्हाळ्यात तांड्यावरच्या सहा बायका महागावला तीन दिवसांच्या शिकवणीला गेल्या होत्या. दरवर्षी कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, वावरातच ढीग घालून पेटवायची आणि आठवडाभर सारा तांडा धुरात खोकत बसायचा, ही आजवरची रीत. तिथं त्यांना वेगळंच दाखवलं. नरसाळ्यासारखं पसरट लोखंडी भांडं, त्यात पऱ्हाटी, आणि आग खालून नाही, वरून. वरचा जाळ खालचा धूर खातो. काडी पुरती जळून राख व्हायच्या आत पाणी ओतायचं. हाती येतो तो कोळसा, शेतासाठी.

बबितानं घरी येऊन हे सांगितलं आणि घरानं ऐकलं. महागावच्या शब्बीर वेल्डरनं जुन्या पत्र्याचं भांडं करून दिलं. पहिल्या दिवशी बिजलीबाई कमरेवर हात ठेवून बाजूला उभी राहिली होती, सून फजित होणार या खात्रीनं. पण पऱ्हाटी जळत होती आणि धूर नव्हता. पाणी ओतल्यावर जे उरलं, ते हातात घेऊन हलवलं की बांगड्यांसारखं वाजत होतं. बिजलीबाई साऱ्या तांड्याला सांगत सुटली की आमच्या बबितानं आगीला शिस्त लावली.

तो कोळसा बबितानं वरच्या एकरात पसरला. पाऊस आला, कपाशी उगवली आणि महिन्याभरात पिवळी पडली, जणू जमिनीखाली बसून कुणी तिच्या तोंडचा घास ओढून घेत होतं. बबितानं वावर जाळलं, असं तांडा म्हणाला. घरात कुणी तसं म्हटलं नाही, पण काय पेरायचं, कधी फवारायचं, हे तिला विचारणंही त्या दिवसापासून बंद झालं. बोलणी खाल्ली असती तर तिला बरं वाटलं असतं.

उरलेली पोती बिजलीबाईनं गोठ्यात अंथरली, पावसाळ्यात बकऱ्यांखालची ओल हटत नव्हती म्हणून. ओल हटली, वासही गेला. यंदाच्या उन्हाळ्यात तिनं सगळं खरवडून कचरा म्हणून कडेला फेकलं. आता त्या कचऱ्यात कपाशी कमरेला लागत होती.

गाडीचा आवाज आला. शब्बीर आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन, मागं गॅसची टाकी बांधून, गोठ्याजवळ येऊन थांबला. बबिताचा नवरा भारत यानंच त्याला बोलावलं होतं. भांडं पडून पडून गंजतंय, कापून गोठ्याचं फाटक करू, असं तो आदल्या दिवशी जेवताना म्हणाला होता. बबितानं त्याच्या ताटात भाजी वाढली. ते भांडं कापलं, की आपला शब्द या घरात पुन्हा कधी चालणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भारत भांडं ओढत उजेडात आणत होता, तेवढ्यात बिजलीबाई ठोंब मुठीत धरून तिथं पोचली.

“थांबा. कापू नोका.”

“आता काय झालं, याडी?”

“कडेची कपाशी पाह्यली का तू? हे पाह्य.” तिनं ठोंब त्याच्यापुढं धरला. भारतनं पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि तो शब्बीरकडं दिला. शब्बीरनं चष्मा कपाळावर चढवून तो खडा बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

“सुभानल्ला,” तो हळूच म्हणाला. “चाळीस साल लोखंड जोडून राह्यलो, भाभी. असा जोड मले नाही जमला.”

“वर तोच कोयसा पिवयं करते अन् इथं हे असं. कायले, ते सांगा.”

“मले काय समजते त्यातलं? मी मापाचा मानूस.” मग त्याला आठवलं. त्यानं खिशातून घडी केलेला एक कागद काढला, कडांना तेलकट आणि ठिकठिकाणी भोकं पडलेला. “हा घ्या तुमचा कागद. बबितानं मापासाठी देल्ला होता, मी दुकानाच्या भिंतीले चिकटवला. रंग देऊन राह्यलो म्हनून काढला. मागच्या बाजूनं बी लिवेल हाय, हे आजच समजलं.”

“मंग वाचा नं,” बिजलीबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

शब्बीर शाळेतल्या पोरासारखा बोट फिरवत वाचू लागला. “‘निखाऱ्यांवर राख दिसू लागताच पाणी टाकावे. तयार कोळसा भारत करूनच शेतात टाकावा.’” तो थांबला. “भारत, तुहं नाव हाय रे इथं!”

“माह्यं? मले तिथं कोन ओळखते?”

“छापेल हाय. ‘भारत करूनच.’ म्हंजे तूच टाकाचा असन. बाईमानसानं नाही टाकाचा.”

भारत आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. “तवाच,” तो म्हणाला. “वर हिनंच टाकला होता.” त्यानं भांड्याची कड पुन्हा धरली. “काप शब्बीरभाई. कायले वेळ घालवतं?”

“भारत नाही, चाचा,” बबिता म्हणाली. “भारित.”

भारतच्या हातातून भांड्याची कड सुटली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बबिता त्याला ‘अवो’ म्हणायची, ‘पोरीचे बाबा’ म्हणायची. सासूसमोर तर तेही नाही. नाव तिनं आज पहिल्यांदा घेतलं होतं, आणि तेही ते खोडून काढण्यासाठी. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही.

“ठिनगीनं वेलांटी खाल्ली. कागद उजेडात धरा. भारित हाय ते. पुढं वाचा.”

शब्बीरनं कागद वर धरला. भा आणि र यांच्या मधे, नेमकी जिथं वेलांटी असायची तिथं, बारीक जळकं भोक होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. तो पुढं वाचू लागला, पण आता सावकाश. “‘कोरा कोळसा जमिनीतले अन्न स्वतःच शोषून घेतो व पीक पिवळे पडते. म्हणून तो आधी जनावरांच्या मूत्रात व शेणाच्या काल्यात मुरवून भारित करावा. वाया जाणारे अन्न तो धरून ठेवतो व पुढे मुळांना देतो.’”

 चौघंही गोठ्याकडं पाहू लागले. बकऱ्या निवांत रवंथ करत उभ्या होत्या. त्यांच्या पायांखालून जे रोज मातीत जिरून वाया गेलं असतं, ते वर्षभर त्या काळ्या खड्यांनी थेंब थेंब धरून ठेवलं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

“मंग वरचा कोयसा?” बिजलीबाईनं विचारलं. “तो मेला का?”

“नाही, याडी. तो उपाशी हाय. त्याले खाऊ घातलं त तो बी देईन. जमिनीत शेकडो साल टिकते म्हने.”

“तुले हे मालूम होतं, त सांगतलं काहून नाही?” भारत म्हणाला. आवाज चढवायचा त्याचा बेत होता, पण तो चढला नाही.

“मालूम नव्हतं. कागद पलटून वाचलाच नाही, तसाच चाचाले देल्ला. सरानं तो शबुद घेतला अन् आपल्या तांड्याच्या साऱ्या बाया हासल्या. म्हने, बबिताच्या मालकाचं नाव घेतलं. मी पदरात तोंड लपवलं. त्या हाशात सर पुढं काय बोलले, मले आयकू नाही आलं. माघून विचारतो म्हनलं, त तेच नाव तोंडातून काढा लागलं असतं.” तिनं सासूकडं पाहिलं. “घरी सांगतलं, तवा तेवढा शबुद सोडून सांगतलं. याडी समोर बसेल होती.”

बिजलीबाईनं हातातल्या ठोंबाकडं पाहिलं. ती संध्याकाळ तिला लख्ख आठवत होती. सून चुलीपुढं बसून सगळी रीत सांगत होती, आग कशी, पाणी कसं. एका जागी ती अडली, पदर ओठांवर धरला, मान खाली घातली आणि पुढं गेली.

“मले दिसलं होतं,” बिजलीबाई म्हणाली.

“काय?”

“तू अडली ते. मालकाचं नाव येत असन म्हनून अडली, हे बी समजलं होतं.” तिला पुढचं बोलणं जड जात होतं. तिनं ते शब्बीरसमोर आणि मुलासमोर बोलून टाकलं. “मले बरं वाटलं होतं, बबिता. मी तांड्यात सांगत फिरली, माही सून पाह्य कशी जिभेले जपते म्हनून.”

ती शरमली होती आणि शरम लपवायची तिला इच्छा नव्हती. तिनं शब्बीरच्या हातातून कागद घेतला, उलटा की सुलटा हे न कळल्यामुळं क्षणभर तसाच धरला, आणि सुनेच्या हाती दिला.

“वाच. पयल्यापासून. कोनताच शबुद सोडू नोको.”

बबितानं कागद सरळ केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शब्बीर गाडीजवळ जाऊन गॅसची नळी गुंडाळू लागला. भारत उपड्या भांड्यावर बसून ऐकत राहिला.