रिकाम्या ट्रेचं वजन

“काका, रिकाम्या ट्रेचे पैसे कुणाच्या खिशात जातात?”

मित्रांनो, हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण मला कान नाहीत. मला एक स्टीलचं ताट आहे, चार रबरी पाय आहेत आणि हिरवे आकडे दाखवणारी काच आहे. मी एक जुना वजनकाटा आहे. हा प्रश्न विचारणारी मुलगी नववीत शिकते. मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार! तुझी आई तिथेच कामाला आहे म्हणून घाबरतेस ना?” ती घाबरली नाही. तिने खणखणीत आवाजात विचारलं, आणि त्या एका प्रश्नाने तिच्याच घराची वाट लावली.

थांबा. आधी माझ्याबद्दल सांगतो.

मी कारखान्यात जन्मलो. तिथल्या तपासनिसाने माझ्या ताटावर एक किलोचं पितळी वजन ठेवलं आणि मी बरोबर एक किलो दाखवलं. “पास!” तो म्हणाला आणि पुढच्या काट्याकडे वळला. आयुष्यात माझं कौतुक तेवढंच झालं, पण मी ते पुरवून पुरवून वापरलं.

मग मी एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये आलो. दुकान पुढून आरशासारखं चकचकीत होतं. मला मात्र मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवलं. तिथे सहा टेबलं, सहा काटे आणि सहा बायका. लोक घरी बसून मोबाइलवर भाजी मागवायचे आणि आम्ही ती तोलून, पिशवीत भरून, स्टिकर लावून पाठवायचो. खरं सांगू? ऑनलाइन गिऱ्हाइकासारखं भाबडं गिऱ्हाईक दुसरं नाही. ते टोमॅटो दाबून बघत नाही, काट्यावर डोळे रोखत नाही, “अजून एक टाका हो” म्हणत नाही. स्टिकरवर अर्धा किलो लिहिलं की ते अर्ध्या किलोचे पैसे देऊन मोकळं होतं.

माझ्या टेबलावर त्या मुलीची आई काम करायची. सकाळी आली की आधी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची. मग रिकामा निळा ट्रे माझ्यावर ठेवून शून्याचं बटण दाबायची. ट्रेचं वजन एकशे ऐंशी ग्रॅम. बटण दाबलं की मी ते विसरायचो आणि फक्त भाजी मोजायचो. सरळ काम होतं.

आमच्या मॅनेजरला सगळ्या बायका पाठीमागे ‘हसरे साहेब’ म्हणायच्या, कारण ते कुणाचा पगार कापतानाही हसायचे. एके दिवशी ते हातात घड्याळ घेऊन आले.

“ताई, हे बटण दिवसातून किती वेळा दाबता?”

“दर ऑर्डरला दोन-तीनदा तरी होतं, साहेब.”

“बघा! दिवसाची वीस मिनिटं नुसती बटणात गेली.” आणि त्यांनी काळी चिकटपट्टी काढून सहाही काट्यांच्या शून्यावर स्वतःच्या अंगठ्याने दाबून बसवली.

तेव्हापासून स्टिकरवर अर्धा किलो टोमॅटो आणि पिशवीत तीनशे वीस ग्रॅम. बाकीचा ट्रे. गिऱ्हाईक ट्रेचेही पैसे द्यायचं आणि ट्रे मात्र आमच्याकडेच राहायचा! मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. ठेवलं तेवढंच दाखवलं. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि ते मला रोज पटत नाही.

आईलाही पटलं नव्हतं. पिशवी बांधताना ती गुपचूप ओंजळभर माल वरून टाकायची आणि पुटपुटायची, “हा ट्रेचा.” दोन महिन्यांनी गोदामात माल कमी भरला. साहेबांनी माझ्या डोक्यावर कॅमेरा लावला. “ताई, दानधर्म घरी करायचा हं,” ते हसून म्हणाले. ओंजळ बंद झाली.

आणि पैसे परत मिळण्याचा नियम? तो मोबाइलवर अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता. वजन कमी वाटल्यास चोवीस तासांच्या आत, माल काट्यावर ठेवून, आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवावा. हा नियम बायकांना वाचून दाखवताना साहेबांना हसू आवरेना. “घरात काटा असतो कुणाच्या?”

नसतोच. त्या मुलीच्या मैत्रिणीच्या आजीकडेही नव्हता. ती एकटी, तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही. अर्ध्या किलोत आठ टोमॅटो यायचे आणि ती रोज एक वापरायची. आता पाचच येऊ लागले. तिने दुकानात फोन लावला.

“आजी, फोटो पाठवा.”

“कशाचा रे?”

“काट्यावर ठेवलेल्या टोमॅटोंचा.”

“काटा असता तर तुला फोन कशाला केला असता, बाळा?”

फोन बंद झाला. मग नातीने ते टोमॅटो दप्तरात घालून शाळेच्या प्रयोगशाळेत नेले आणि मैत्रिणींसमोर तोलले. तीनशे अठरा ग्रॅम! आईने घरी कधीतरी बोलता बोलता ट्रेचं वजन सांगितलं होतं, ते आमच्या मुलीला आठवलं. तिने वजाबाकी केली. मैत्रिणींनी पैज लावली. आणि शनिवारी दुपारी, भरलेल्या दुकानात, तिने तो प्रश्न विचारला.

साहेब हसले. “काय हुशार मुलगी आहे! टाळ्या वाजवा हिच्यासाठी.” लोकांनी वाजवल्या. मुलगी आनंदाने लाल झाली. तेवढ्यात साहेब एकटेच मागच्या खोलीत आले, नखाने माझ्यावरची पट्टी खरवडून काढली, खिशात घातली आणि मग दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं.

“बघा मंडळी, शून्याचं बटण. चालतंय?” त्यांनी ते दाबलं. मी मुकाट्याने शून्य दाखवलं. दुसरं काय करणार होतो?

“ताई, हे तुम्ही का दाबत नव्हता?”

आईने माझ्या बटणावर बोट ठेवलं. “साहेब, इथं पट्टी होती. तुम्हीच...”

“कुठाय?”

बाकीच्या पाच जणी जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या काट्यांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

“आई, सांग ना त्यांना!” मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. ते मावळताना मी पाहिलं.

साहेबांनी सगळं कसं गोड बोलून केलं ते ऐका. गिऱ्हाइकांना आठवड्याची भरपाई मिळेल, पण पैशांत नाही, पुढच्या खरेदीत वापरायच्या पॉइंट्समध्ये. त्या भरपाईची रक्कम आईच्या पगारातून जाईल. काटा तिनेच नीट वापरला नाही, म्हणून माझी किंमतही तिच्याच पगारातून. आणि तीन महिने ती तक्रारींच्या खिडकीत बसेल, छातीवर बिल्ला लावून: ‘वजनातली चूक माझी होती. क्षमस्व.’

लोक येता-जाता तो बिल्ला मोठ्याने वाचायचे. “लेकीसमोर लाज नाही वाटली?” असं एक बाई विचारून गेल्या. मैत्रिणीही बघायला आल्या. एकीने फोटो काढला. जिने डिवचलं होतं ती म्हणाली, “सॉरी गं. पण विचारलंस तूच ना?”

मी या मुलीच्या घरी आलो तो तिच्या बाबांमुळे. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. “काट्याचे पैसे आपण भरतोय ना? मग काटा आपला,” असं म्हणून ते मला आणायला गेले. “न्या की, शोभेला ठेवा!” साहेब म्हणाले.

आणि मी शोभेलाच उरलो. ज्याच्या अचूकपणावर कारखान्याने शिक्का मारला होता, त्याच्यावर कंगवा, चाव्या आणि विजेचं बिल पडू लागलं. मुलगी बारा दिवस माझ्याकडे फिरकली नाही. तेराव्या दिवशी, काय वाटलं कोण जाणे, तिने ओलं फडकं घेतलं आणि मला पुसू लागली. शून्याच्या बटणाभोवती तिचं बोट थांबलं.

“बाबा, बघा! इथं चिकट चौकोन आहे. पट्टी होती!”

बाबांनी चष्मा वर केला. “गोंद आहे. गोंदावर सही असते का कुणाची?”

“बाकीच्या पाच काट्यांवर तर आजही पट्टी आहे,” दारातून आईचा आवाज आला. ती कामावरून नुकतीच आली होती. बिल्ला काढायचं भान तिला आता राहत नसे.

मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी करतो. काट्याची काळजी म्हणजे त्याला नुसतं पुसणं नव्हे. त्यावर माल ठेवण्याआधी, नुसता रिकामा ट्रे असताना त्याच्या आकड्याकडे एकदा बघा. तेवढं कुणी बघितलं असतं, तर आज ही बाई अशी दारात उभी नसती.

मुलीने आईच्या साडीवरचा बिल्ला काढला आणि माझ्या ताटात ठेवला. नऊ ग्रॅम. मग तिने शून्य दाबलं. ताटात बिल्ला होता आणि काचेवर शून्य.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून शाळा सुटली की मी काटा घेऊन आजीच्या इमारतीच्या जिन्याखाली बसणार. तिथं रोज वीस-पंचवीस पिशव्या येतात. प्रत्येक पिशवी यावर तोलायची, फोटो काढायचा आणि चोवीस तासांच्या आत पाठवायचा. नियम त्यांचाच आहे ना?”

“आणि ज्या बायकांनी भरल्या त्यांचे पगार कापले जातील,” आई म्हणाली.

“स्टिकरवर प्रत्येकीचा नंबर असतो. फोटोत तोही घेणार. नंबर वेगवेगळे, आणि तूट प्रत्येक वेळी एकशे ऐंशीच! सगळ्याजणी बरोबर तेवढंच कशा चुकतील?”

बाबांनी हातातला स्क्रू खाली ठेवला. “आईचं काम जाईल. कळतंय का तुला?”

“नाही काढणार मला,” आई कोरडं हसली. “मला काढलं तर बिल्ला कोणाला लावतील?”

मुलीने मला दोन्ही हातांनी उचललं. माझे रबरी पाय हवेत लटकले.

“कळतंय मला, बाबा. म्हणूनच सांगतेय. विचारत नाहीये.”