भिंतीकडे तोंड

“श्श! ताई, जरा थांबा. शॉट चालू आहे.”

तिच्याच घराच्या दारात तिला एक अनोळखी माणूस दबक्या आवाजात सांगत होता. सकाळपासून हॉस्पिटलच्या वॉर्डात ती क्षणभरही टेकली नव्हती. घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. आणि तिच्या पलंगावर एक परका पुरुष भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्याच्या पायाशी एक नटी हमसून हमसून रडत होती.

“कट,” तिचा नवरा म्हणाला. पण त्याचा चेहरा पडलेलाच होता.

तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. लोकांच्या लग्नात आयुष्य गेलं, आणि एका वर्षी त्याने कॅमेरा कपाटावर ठेवला आणि तो निजला, तो दोन वर्षं. नातेवाईक म्हणाले आळस. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन. हळूहळू औषधं लागू पडली. आता त्या दोन वर्षांवरच तो छोटी फिल्म करत होता. घर स्वतःचं, चादरी घरच्या, मदतीला चार मित्र.

“खोटं वाटतंय,” तो म्हणाला. मग चाचरत तिच्याकडे वळला. “तू तेव्हा काय करायचीस गं?”

“काय करणार? कुकर लावायचे.”

“त्याच्या आधी. कामावरून आल्या आल्या. मी भिंतीकडे बघत असायचो. मला माहीतच नाही.”

“सांगता नाही यायचं.”

“मग करून दाखव. हिला कळेल.”

नाही म्हणायलाही त्राण हवं. ती पर्स घेऊन बाहेर गेली आणि परत आत आली. दार लोटलं. पर्स खांद्यावरच राहू दिली. खोलीच्या उंबरठ्यावर थांबून ती चादरीकडे बघत राहिली. चादर वर झाली. खाली गेली. पुन्हा वर झाली. तेव्हा कुठे तिने पर्स खुंटीला अडकवली.

“झालं?” पलंगावरच्या नटाने भिंतीलाच विचारलं. कुणी हसलं नाही.

“चादरीकडे का बघत होतात?” नटीने विचारलं.

“हलतेय का ते. घरात झोपेच्या गोळ्या असायच्या ना. ड्युटीभर तेच डोक्यात.”

“रोज?” नवऱ्याने विचारलं.

“रोज.”

“मला वाटायचं, तू डोकावतेस आणि वैतागून निघून जातेस.”

“वैतागायचे की. आधी बघायचे, मग वैतागायचे.”

तो मान खाली घालून माइकची वायर गुंडाळू लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

“ताई, तुम्हीच करा ना हा शॉट,” कॅमेरावाला म्हणाला. “एक नंबर होईल.”

“नको रे बाबा. माझं करून झालंय. आता हिला करू दे.”

ती स्वयंपाकघरात गेली. हाताला साबण लावला, तोच बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, “सायलेन्स!” नळ सोडायची सोय नव्हती. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात अधांतरी धरून.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. पावलं आली, थांबली. नटी बराच वेळ थांबली असावी. कट म्हणायला कुणी तयार नव्हतं.

फेस मनगटावरून कोपराकडे ओघळत गेला. तिने तो ओघळू दिला.