एका टिपणाखालची निळी ओळ

माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, काही बटणांवरची अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत आणि वायर जोडल्याशिवाय मी डोळे उघडत नाही. मित्रांनो, असा मी एक जुना लॅपटॉप. आज कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. पडल्या पडल्या मनात एकच गोष्ट घोळते, ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या, लख्ख उजेडाच्या दालनात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भाग जोडले, काच पुसली आणि मला खोक्यात घातले. त्यापलीकडे मला तिथले काही आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते जेवणाच्या टेबलावर. एका तरुणाने खोके उघडले आणि हाक मारली, "ताई, ये गं, बघ तुझा नवा सोबती!" त्याची ताई पदराला हात पुसत आली. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही तिला मनातल्या मनात ताईच म्हणू लागलो.

ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत असे. ऐकू न येणारी मुले शाळेत येण्याआधी घरच्या घरी स्वतःच्या खुणा तयार करतात. पाणी हवे, भूक लागली, बाबा रागावले, सगळे हातांनी सांगतात. या घरगुती खुणांवर ताई प्रबंध लिहीत होती. त्यासाठी तिने पुष्कळ वाचले आणि पुष्कळ टिपणे काढली.

ती सगळी माझ्या पोटात होती. एका बाजूला टिपणांचा प्रोग्राम आणि दुसऱ्या बाजूला संदर्भसंग्रह. या संग्रहात प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड असे. लेखक कोण, नाव काय, कधी छापले, कुणी छापले. ताईने टिपण लिहिले की ती एक बटण दाबून त्याला योग्य ते कार्ड जोडायची. लगेच टिपणाखाली एक बारीक निळी ओळ उमटायची: अमुक लेखक, अमुक पान. ते टिपण प्रबंधात घेतले की लेखकाचे नावही आपसूक मागच्या सूचीत जाऊन बसायचे. शेकडो टिपणे, शेकडो कार्डे, पण कुणाचे बोलणे कुणाच्या तोंडी गेले नाही. ताईचे मार्गदर्शक सर म्हणायचे, "तुझ्या संदर्भात बोट ठेवायला जागा नसते हं!" हे ऐकले की माझा पंखासुद्धा आनंदाने घुरघुरायचा.

त्या निळ्या ओळीवर ताईचा इतका विश्वास बसला, की दुसऱ्याची वाक्ये उतरवून घेताना ती अवतरणचिन्हे देईनाशी झाली. खाली नाव आहेच, मग कशाला?

पुढे मी थकू लागलो. एखादी फाइल उघडायला इतका वेळ घ्यायचो, की ताई तेवढ्यात चहा टाकून यायची. त्याच सुमारास तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. आईचे बोलणे गेले, उजवा हात गेला. ताई रात्रंदिवस दवाखान्यात. बहिणीला तेवढाच आधार म्हणून तिच्या त्या धाकट्या भावाने मला मांडीवर घेतले. जुना प्रोग्राम काढून नवा टाकला, जड फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवले. त्यातच संदर्भसंग्रहही गेला. मी खरोखर पळू लागलो. तो खूश झाला. माझी मात्र पंचाईत झाली. टिपणांमध्ये कार्डांचे क्रमांक तसेच होते. पण ते क्रमांक घेऊन जायचे कुठे, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. एकेक करून सगळ्या निळ्या ओळी मावळल्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. कोपऱ्यात एक छोटी सूचना मी दाखवली होती. धाकट्याने ती न वाचताच बंद केली.

ताईला दवाखान्यातच निरोप आला. एका मासिकाला लेख हवा होता, ठरल्या वेळेत. आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसून तिने मला उघडले. एक डोळा सलाइनवर, एक डोळा माझ्यावर. घाईत तिने मोजकीच टिपणे उघडली; त्यांच्याखाली काहीच नव्हते, म्हणून ती तिला आपलीच वाटली. शाळेतली निरीक्षणे ती अशीच नाव न घालता लिहीत असे. त्यातल्या एकात लिहिले होते, की एक मुलगी आईला हाक मारताना स्वतःच्या हनुवटीला बोट लावते, कारण आईच्या हनुवटीवर तीळ आहे. ताई क्षणभर थांबली. इतक्या मुलांमधली ही कोण, ते तिला आठवेना. तेवढ्यात नर्सने हाक मारली. परत आल्यावर तिने लिहून टाकले, "मी पाहिलेली एक मुलगी…"

लेख छापून आला. कौतुक झाले. नेमकी ती हनुवटीचीच गोष्ट सगळ्यांना आवडली.

मग एका सकाळी सरांनी ताईला बोलावले. मी टेबलावर होतो. सरांच्या आवाजात नेहमीचा लोभ नव्हता. "मोठ्या बाईंचा फोन होता. हा परिच्छेद त्यांचा आहे, शब्दन् शब्द. तू त्यांचा प्रबंध वाचला होतास?"

मोठ्या बाई म्हणजे या विषयावर सगळ्यांत आधी काम केलेल्या निवृत्त प्राध्यापक. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "वाचला होता, सर. पण मी… माझ्याकडे तर त्याचा संदर्भ जोडलेला…"

"कुठाय? दाखव."

तिने मला चाळले. सगळीकडे कोरे. सर म्हणाले, "चौकशी समिती बसेल. माझ्या हातात काही नाही."

शाळेत कुजबुज सुरू झाली. कालपर्यंत तिच्याकडे शंका घेऊन येणाऱ्या शिक्षिका ती आली की विषय बदलू लागल्या. घरी ताई जेवेना. धाकटा माझ्यासमोर बसला, उलटसुलट करून पाहिले आणि एकदम त्याच्या तोंडून निघाले, "अरे देवा! ताई, तो संग्रह मीच हलवला होता गं."

त्याने बाहेरची डिस्क जोडली आणि प्रोग्रामला संग्रहाची नवी जागा दाखवली. बस्स, एवढेच. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळ्या निळ्या ओळी परत उगवल्या. हनुवटीच्या टिपणाखालीही: मोठ्या बाईंचे नाव आणि पान.

"एवढंच होतं?" ताई म्हणाली आणि रडू लागली. धाकटा म्हणाला, "रडू नकोस. पुरावा मिळाला ना? बाईंना नेऊन दाखवू. चूक यंत्राची होती म्हणावं."

दुसऱ्या दिवशी ताई मला पिशवीत घालून बाईंकडे गेली. एकटीच. पुस्तकांनी भरलेली खोली, खिडकीपाशी आरामखुर्ची, खुर्चीत किरकोळ अंगाच्या बाई. ताईने मला उघडून त्यांच्यासमोर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"वाक्यं नेलीस त्याचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "वाक्यं काय, इकडची तिकडे जातात. पण 'मी पाहिलेली एक मुलगी' असं लिहिलंयस. माझी लेक तू कधी पाहिली होतीस?"

त्या बोलत होत्या आणि त्यांच्या हनुवटीवरचा तीळ मला स्पष्ट दिसत होता.

ताईने हळूच माझे झाकण मिटले. पुढचे मी अंधारात ऐकले.

"शाळेत जायच्या आतच तापानं गेली ती. तिच्यामागं ती हाक मला कुणी मारली नाही. आणि मग तुझ्या लेखात वाचली. मला क्षणभर वाटलं, कुठंतरी आहे की काय पोर."

 मग ताईचा आवाज, अगदी बारीक. "बाई, मी काय करू?"

"लेख मागं घे. प्रबंधात तिचं नाव घाल. आणि ती नाही, हेही लिही. उगाच कुणी शोधत बसायला नको."

"मला माफ…"

"ते आज नको मागूस," बाई म्हणाल्या. "आज नाही देता यायचं."

समितीने ताईचे म्हणणे ऐकून घेतले. हेतू वाईट नव्हता हे त्यांनी मान्य केले, पण तपासून पाहणे लिहिणाऱ्याचेच काम, असे स्पष्ट सांगितले. लेख मागे घेतला गेला. तसे जाहीरही झाले. प्रबंध लांबला. ताईने सगळी टिपणे पुन्हा काढली. निळ्या ओळी परत आल्या होत्या, तरी ती प्रत्येक पुस्तक ग्रंथालयातून आणून पानाशी पान ताडून बघे. धाकटा वाचून दाखवायचा, ती अवतरणचिन्हे घालायची. आईला आता घरी आणले होते, ती खाटेवरून बघत असायची. कधी कंटाळली की डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायची. मग ताई उठायची.

प्रबंध मान्य झाला. त्यात बाईंच्या लेकीचे नाव आहे. ताईने एक प्रत बाईंना पोहोचवली. बाईंनी ती दारातच घेतली, "ठीक आहे" म्हणाल्या आणि दार लावून घेतले. ताई त्यानंतरही कधीतरी त्यांच्या गल्लीत जायची, कोपऱ्यापर्यंत, आणि परत फिरायची. पिशवीत असलो की मला तिची चाल कळायची.

मग माझी बॅटरी फुगली आणि नवा लॅपटॉप आला. सगळे त्याच्यात उतरवून झाल्यावर धाकट्याने विचारले, "झालं ना सगळं?" ताई म्हणाली, "झालं, असं मी आता म्हणत नाही. तू बस, एकेक उघडून बघू." आम्ही दोघे लॅपटॉप शेजारी शेजारी होतो. माझ्यात एक टिपण उघडायचे, मग त्याच्यात. किती तरी दिवस ते दोघे तसे बसत होते. ते संपल्यावर माझे झाकण मिटले आणि मी इथे आलो.

मित्रांनो, तुम्हीही शाळेत टिपणे काढता, प्रकल्प लिहिता. दुसऱ्याचे बोलणे घ्याल तेव्हा ते कुणाचे, ते त्याच क्षणी, आपल्या हाताने शेजारी लिहून ठेवा. नंतर बघू म्हणू नका, आणि सगळा भार आम्हा यंत्रांवर टाकू नका. आम्ही सांभाळतो, पण आमचे सांभाळणे कधी सुटले ते आम्हाला ओरडून सांगता येत नाही. आम्हाला अधूनमधून उघडून बघत जा. छापलेल्या ओळीच्या मागे कुणाचे तरी घर असते, आणि त्या घरात ती ओळ कुणीतरी वाचणार असते.