पिठूच्या पोटावरचा अंगठा

ये गो नलू, अशी जवळ बस. फोन खांद्याशी दाबून एका हाताने भाजी परतणारी नलू मला आज नको. निदान हे वाचताना तरी दोन्ही हात मोकळे ठेव. तुला थोडं रागावायचं आहे, आणि लांब बसलेल्या माणसाला नीट रागावता येत नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला, पानं वाढून झाल्यावर, चुलीपाशी उभी राहून तू तुझ्या जावेला सांगत होतीस, ते मी ऐकलं. "बाबांनी मला जन्मात हात लावला नाही, मारायलासुद्धा नाही." हसत बोललीस. हसत बोललेलंच फार खोलवर जाऊन बसलेलं असतं, एवढं मला या वयात कळतं. म्हणून म्हटलं, त्यांना दिलेला शब्द मोडायचा. त्यांची क्षमा मी मागून घेईन, तिथे गेल्यावर.

डोळे मिटले की तुझे बाबा मला चेहऱ्याने दिसत नाहीत. आधी दिसतो तो त्यांचा उजव्या हाताचा अंगठा. ट्रकचं चाक वळवून वळवून त्याच्या मुळाशी सुपारीएवढा घट्टा आला होता, आणि नखाच्या कडेला खाणीची तांबडी माती अशी मुरली होती की कुठल्या साबणाने निघू नये. नवरीच्या पायाचा अळता जसा दिवसेंदिवस रेंगाळतो, तशी ती त्यांच्या बोटांवर आयुष्यभर रेंगाळली. चालण्याला आवाज नाही, बोलण्याला आवाज नाही. जो काय आवाज होता तो ट्रकचा. सुर्ल्याच्या खाणीवरून माती भरून नदीच्या धक्क्याकडे जाताना मुळगावच्या वळणावर त्यांचा ट्रक एकदा घशात खाकरल्यासारखा करायचा, आणि मी भाताखालचा जाळ कमी करायची. शेकडो ट्रकांत तो एक मला ओळखू यायचा. नवऱ्याची हाक म्हणतात ती माझ्या वाट्याला अशी आली.

धुळीचं तर काय सांगू. आमच्याकडे हिरवा रंग पावसात उगवायचा आणि दिवाळी सरली की मावळायचा. जास्वंदीच्या पानांवर, तुळशीच्या मंजिरीवर, दोरीवरच्या तुझ्या परकरावर ती तांबडी, तलम माती येऊन बसायची, जणू सगळ्या गावाला कुणी गेरू फासून ठेवला आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती हवेत तरंगताना इतकी सुंदर दिसायची की तिच्यावर चिडणं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. तीच माती चुलीला लाकूड आणत होती ना.

आता हात लावण्याचं. तुझे आजोबा होते तोवर आपल्या वडिलांच्या देखत आपलं मूल उचलणं हा उद्धटपणा होता आमच्या घरात. आपल्याच काय, आजूबाजूच्या सगळ्याच घरांत. भावाचं मूल कडेवर घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं. आपलं पाळण्यात रडत असेल तर बापाने पागोळ्या मोजत उभं राहावं. तुझे काका तुला खांद्यावर घेऊन जत्रेत मिरवायचे, आणि बाबा तुझ्या चुलतभावाला. प्रेमाची अशी अदलाबदल चालायची बघ. पुढे आजोबा गेले; पण तेव्हा तू सात वर्षांची झाली होतीस, आणि ज्या हातांना सवय नाही ते हात मग आपणहून पुढे होत नाहीत. ते खिशात जातात.

पिठू आला तो माझ्या माहेराहून, पेडण्याहून. तुझ्या मामाने काजूच्या टोपलीत गवत घालून पाठवलेला, तांदळाच्या पिठाच्या गोळ्यासारखा ससा, दोन कान आणि आत धडधडणारा एक जीव एवढाच. तू त्याच्यावर माया केलीस ती मी लिहायला नको. कॉलेजसाठी पणजीला मावशीकडे राहायला गेलीस त्या सकाळी बस यायच्या आधी, मला नव्हे, त्यांना म्हणालीस, "बाबा, पिठूक सांबाळ हां." त्यांनी "हूं" केलं आणि बस आली. तू विसरलीही असशील. सतरा वर्षांत तू त्यांच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

मग ते दिवस आले, भाषेच्या प्रश्नावरून रस्ते अडले ते. आमच्या घरात बोलणं कोंकणी, पोथी मराठी, आणि भांडण दोन्हीत. पण बाहेर माणसं झाडं तोडून रस्त्यावर आडवी घालत होती. बस बंद, खाणीचे ट्रक बंद. तुझी परीक्षा तिकडे, आणि पिठू इकडे. सदा गुरगुरणारा रस्ता एकाएकी मुका झाला, आणि त्या शांततेत दुसऱ्याच दिवशी मला दिसलं की पिठू सोप्याच्या बाकाखाली पाठ कमानीसारखी करून बसला आहे. गवत पुढे तसंच. दात हळूच चावतो आहे, कान थंड, आणि दोन दिवसांत त्याच्या कोपऱ्यात एक लेंडी नाही.

इथे माझी चूक. आपल्याकडे आजारी पडलेल्या जिवाला पेज; ताप असो, बाळंतपण असो, मन मोडलेलं असो. मी उकड्या तांदळाची पेज केली, वस्त्रगाळ, दोन खडे मीठ घातलं, आणि कापसाच्या बोळ्याने त्याच्या तोंडात पिळत राहिले. तो गिळत होता म्हणून मला वाटत होतं बरा होतो आहे. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं. बाबांनी त्याला हातात घेतलं. नलू, लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्या माणसाच्या दोन्ही हातांत आपलं म्हणावं असं काही जिवंत मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "नलूक कळूंक जायना. तिची परीक्षा आसा." आणि टोपलीवर ओला पंचा टाकून डिचोलीची वाट धरली. मी छत्री घेऊन मागे.

वाटेत आडवा फणस, आणि त्याच्यावर बसलेली पाच-सहा माणसं. कुठल्या बाजूची ते आम्हाला ठाऊक नाही, आणि आम्ही कुठल्या, ते त्यांना.

"पांटल्यांत कितें आसा?"

बाबांनी टोपली छातीशी धरली.

"तुमी खंयच्या वटेन? मराठी काय कोंकणी?"

त्यांनी पंचा बाजूला केला. "हाकाच विचार."

ती माणसं क्षणभर त्या दोन मलूल कानांकडे बघत राहिली, आणि मग त्यांतला सगळ्यांत रागीट दिसणारा मिशीवाला उठून फणसाची एक फांदी वर धरून उभा राहिला. आम्ही तिच्याखालून वाकून गेलो. "पाणी पाजा त्याला," तो मागून म्हणाला. कुठल्या भाषेत म्हणाला, ते माझ्या लक्षात नाही.

डिचोलीचे गुरांचे डॉक्टर तेव्हाच म्हातारे होते. "म्हाका गोरवां कळटात," म्हणाले, "सशाचें म्हाका कितें विचारतात?" तरी नळी पोटावर लावली, आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. "भितर कांयच वाजना." सशाचं पोट म्हणे अखंड चालू असावं लागतं, जात्यासारखं; ते थांबलं की ससा थांबला. मी पेजेचं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पेज? वयनी, हो ससो काय बाळंतीण?" मग टोपलीतली गवताची काडी उचलून त्यांनी बोटांत ओढली. बोट तांबडं झालं. ते बोट पुसायच्या आधी त्यांनी थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. नक्की कशाने झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही, पेजेने की धुळीने. मी मनात पेज म्हटलं. तुझे बाबा आपल्या अंगठ्याकडे बघत होते.

औषधाची एक बाटली मिळाली. वाचायची खात्री नाही म्हणाले. पाणी थेंबाथेंबाने, स्वच्छ गवत वाटून, आणि पोट हलक्या हाताने चोळत राहायचं, थांबलेलं घड्याळ हलवून बघावं तसं.

मग पुढचे दोन दिवस आमच्या सोप्यावर जे मी पाहिलं, ते चित्र मला रंगवता आलं असतं तर तुला शब्दांनी त्रास दिला नसता. सकाळी दव असताना ते कुळागराच्या कडेला झऱ्यापाशी जायचे, जिथे पाणी पाटातून सुपारीच्या मुळांकडे उतरतं तिथली कोवळी हरळी खुडायचे, आणि एकेक काडी पाण्यात धरून अशी धुवायचे जशी देवाची उपकरणं. मग बाकावर मांडी घालून बसायचे, मांडीवर माझं जुनं लुगडं, लुगड्यावर पिठू. तुझ्या शाईच्या पेनाचा ड्रॉपर उकळून घेतलेला. त्याने ओठाच्या कडेतून एक थेंब, मग थांबणं, मग दुसरा थेंब. आणि उजवा अंगठा त्या ताठ पोटावर गोल, गोल, गोल, इतका सावकाश की ऊन उंबऱ्यावरून सरकत कोनाड्यापर्यंत जायचं आणि तो अंगठा तिथेच फिरत असायचा. जो हात चढणीवर भरलेला ट्रक ओढून न्यायचा, तो एका मूठभर जिवावर पिंपळपानासारखा हलका झाला होता.

शेजारच्या सावित्रीकाकीला राहवेना. कुंपणावरून म्हणाली, "ट्रक धांवडायतलो मनीस, आनी आतां सशाची वयजीण जाला." वयजीण म्हणजे सुईण गो, बेळगावात राहून विसरली असशील. एरवी असल्या बोलण्यावर ते उठून गेले असते. त्या दिवशी मान वर न करता म्हणाले, "काकी, तुज्या दारांतली हरळी निवळ आसा काय?" काकी आत गेली, आणि तासाभराने धुतलेल्या गवताची ओंजळ कुंपणावर ठेवून गेली.

दुपारी मी त्यांच्यापाशी ताक ठेवलं आणि सहज विचारलं, हे चोळणं कुठे शिकलात म्हणून. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. अंगठा थांबला नाही. "नलूच्या पोटार," म्हणाले. "बापूय जात्रेक गेल्लो तेन्ना."

मला आठवलं. तू तीन महिन्यांची, पोट दुखून काळीनिळी झालेली. आजोबा तीन दिवस जत्रेला, मी विहिरीवर, आणि परत आले तर तू पाळण्यात शांत झोपलेली, बेंबीभोवती हिंगाचं गोल वर्तुळ. मला वाटलं होतं सासूबाईंनी लावलं. सतरा वर्षं मी त्यांचे उपकार मानत होते. आजोबा परतल्यावर ते हात पुन्हा पागोळ्या मोजायला गेले, पण जे शिकायचं ते शिकून गेले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना, पदेराची पावाची घंटा लांबून येत असताना, त्यांनी मला हाक मारली. सोप्यावर गेले तर तळहात तीर्थ घेतल्यासारखा पुढे धरलेला, आणि त्यावर मिरीच्या दाण्याएवढी एक काळी लेंडी. "पळे गो," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं, आणि दोन्हींतलं काय लपवावं हे त्यांना कळत नव्हतं. मी त्या दाण्याला नमस्कार करायचंच बाकी ठेवलं. पिठूने लुगड्याच्या काठाचा एक धागा चावून पाहिला. रस्ता अजून मुका होता. जास्वंदीवर पाच-सहा दिवस नवी धूळ बसली नव्हती, आणि दवाने धुतलेली पानं मी पावसाळ्याबाहेर प्रथमच तितकी हिरवी पाहिली. त्यांनीही पाहिली. बराच वेळ पाहिली.

पुढच्या आठवड्यात रस्ते उघडले आणि तू आलीस. पिठूला उचललंस, त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवलास, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणालीस, "कितलो बारीक जाला हो. तुवें हाका पळयलोच ना न्हय, बाबा?"

मी तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तुला म्हणाले, "हूं," आणि ट्रक धुवायला गेले.

तो "हूं" तू आजवर, त्यांनी पिठूकडे बघितलंच नाही याची कबुली म्हणून जपला आहेस, नलू. मी त्यांना रागावले तेव्हा ते एवढंच म्हणाले की ससा मरणाच्या दारी होता हे कळलं तर ती पुन्हा त्याला सोडून शिकायला जायची नाही. तुला कधी सांगणार नाही असा शब्दही त्यांनी तेव्हाच माझ्याकडून घेतला. आणि त्यानंतरची वर्षं तू पणजीला असताना, ट्रकच्या केबिनमध्ये कुळागराच्या हरळीची ओली जुडी असायची आणि आपल्या वळणावर, धूळ उडू नये म्हणून, तो ट्रक चालत्या माणसाएवढा हळू व्हायचा. मागचे ड्रायव्हर भोंगे वाजवून शिव्या द्यायचे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पिठू पुढे तीन उन्हाळे राहिला, आणि गेला तो म्हातारपणाने, तुझ्या मांडीवर, हे तुला ठाऊक आहेच.

आता शेवटचं. गेल्या वर्षी हॉस्पिटलात, वाचा गेल्यावर, त्यांचा उजवा अंगठा चादरीवर सारखा गोल गोल फिरत होता. नर्सला वाटलं अस्वस्थ आहेत. तू म्हणालीस, "ट्रक चालवतायत वाटतं." मी गप्प राहिले, दिलेला शब्द होता. पण ट्रकचं चाक दोन हातांनी धरतात गो, आणि तू त्यांच्या उशाशी, त्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर बसली होतीस.

माणूस जातो, काळ त्याच्या पावलांवर आपली तांबडी धूळ निवांत पसरत राहतो. पण एखाद्या हाताने कुठे तरी काढलेलं वर्तुळ पुसलं जात नाही, ज्याच्या अंगावर ते काढलं त्याला आठवत नसलं तरीही. सोप्याचा बाक मी तिथेच ठेवला आहे, झऱ्याकाठची हरळी दवात भिजते आहे, आणि माझे गुडघे आता तिथवर चढत नाहीत. तेव्हा ये. दिवाळी, चवथ असलं काही निमित्त शोधत बसू नकोस. घाट उतरायला तीन तास लागतात. लवकर ये, सकाळची ये, दव आहे तोवर.