धक्का बसला नाही पायजे

"धक्का बसला नाही पायजे, रहेमतुल्ला!" मालक उत्तमराव बोलले अन् दिवस भरलेल्या सुनेले, गीताबाईले, माह्या बाजूले बसवलं. कळा सुरू झाल्या होत्या. बुलढाण्याचा दवाखाना गाठायचा होता. अन् मोटार कोणती? गोऱ्या साहेबाकडून घेतलेली जुनी, शर्यतीची. पळवली तर लोणी, हळू चालवली की लाथा झाडते हरामखोर!

रोहिणखेडच्या बाहेर म्हशी आडव्या आल्या. मी घामाघूम. इंजिनातली ठिणगी उशिरा पाडायची दांडी मागं घेतली, पाय पिसावानी हलका ठेवला. हळूहळू हिसके थांबले, इंजिन जात्यावानी एकसारखं फिरू लागलं. श्वास रोखून मी तसाच चालवत राह्यलो.

"म्हशी कवाच्या गेल्या," गीताबाई दातओठ खात ओरडल्या. "आता तरी पळव बे!"