वळणावरचं पाणी

वडील गेल्यावर मोटारींच्या शर्यतीचं ते मातीचं मैदान थोरल्या लेकीच्या गळ्यात पडलं. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, जागा मागणाऱ्या त्या गोदामवाल्याला देऊन टाक. किती दिवस धूळ खाणार?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

धुळीपेक्षा तिला लोकांच्या बोलण्यानं जास्त दमवलं होतं. प्रेक्षकांच्या मोबाइल ग्रुपवर दर शर्यतीनंतर सगळे तोंडसुख घ्यायचे. त्यात पुढे असायचा 'डबलक्लच' या नावानं लिहिणारा, बस डेपोतला एक वयस्क ड्रायव्हर. 'म्हाताऱ्याच्या वेळी शर्यत असायची. आता नुसता धुरळा,' असं त्यानं लिहिलं आणि पुढच्या खेपेला निम्मी बाकडी रिकामी राहिली.

ती डेपोत गेली. भांडायचं त्राण नव्हतं. "काका, तुम्ही लिहिता आणि लोक येत नाहीत," एवढंच म्हणाली.

तो ओशाळला, पण हटला नाही. "लहानपणापासून तिकीट काढून येतोय मी. वाईट दिसलं तर बोलणारच."

"मग या शनिवारी माती तुम्हीच भिजवा. टँकरवाला सोडून गेलाय."

आला बिचारा. धूळ उडू नये म्हणून त्यानं सढळ हातानं पाणी मारलं आणि मोठ्या वळणाचा चिखल करून ठेवला. पहिलीच गाडी घसरून कठड्याला टेकली. कुणाला लागलं नाही. पण चिखल सुकेपर्यंत माणसं उन्हात तळत बसली आणि शिव्यांची लाखोली सुरू झाली. टँकरपाशी डबलक्लचचा चेहरा पांढराफटक पडला.

तिनं माइक घेतला. "चूक माझी. पाणी जास्त झालं. थांबा, शर्यत होणार."

उशिरा का होईना, झाली. माणसं पांगल्यावर डबलक्लच जवळ आला. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"मला शिव्यांची सवय आहे, काका. तुम्ही पुन्हा आला नसतात."

पुढच्या शनिवारी तो आला, हात राखून पाणी मारून गेला. ग्रुपवर मात्र, चहा पाणचट होता, असं लिहिलंच. तिला हसू आलं, तेही दमलेलं.

बाकडी काही भरली नाहीत. गोदामवाल्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "हा हंगाम संपू द्या." मैदान वाचलं की नुसतं पुढे ढकललं, हे तिचं तिलाही कळेना.

भाऊ शेजारीच उभा होता. तिच्या हातातलं फावडं काढून घेऊन तो वळण सारखं करायला गेला.